सावली सुटनी

खैरनार सरांच्या शेजारी जेवायला बसायचं म्हणजे आपल्या डब्यातली एक पोळी विज्ञानाला वाहायची, हे आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त नव्या माणसाला कोणी सांगत नसे. मी कॉलेजात नवीन लागले होते, डबा उघडला होता, आणि समोरच्या खुर्चीतला उंच, वाळका, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग असलेला माणूस म्हणाला, “बाई, एक पोळी द्या. गार असली तरी चालेल.”

मला वाटलं, बिचाऱ्यांचा डबा राहिला असेल. मी पोळी दिली, वर भाजीही वाढायला लागले. त्यांनी भाजीकडे बघितलं नाही. पोळी टेबलावर पसरली, पट्टीच्या टोकानं तिला एक चौकोनी भोक पाडलं, शेजारी बाटलीचं झाकण दाबून एक गोल भोक पाडलं, आणि दोन्ही कडा धरून ती हळूहळू ताणायला लागले. पोळी फाटली ती चौकोनाच्या कोपऱ्यातून.

“बघा,” ते खूश होऊन म्हणाले, “जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान. चौकोनी खिडक्या होत्या. वर हवेत फाटलं. एकदा फाटलं तेव्हा कळलं नाही, पुन्हा फाटलं तेव्हा कळलं. तेव्हापासून विमानाच्या खिडकीला कोपरा नाही. तुम्ही विमानात बसलाय कधी?”

“एकदा.”

“आता बसलात की त्या खिडकीला हात लावून नमस्कार करा. ते गोल कोपरे फुकट नाही मिळालेले.”

“आणि माझी पोळी?” मी विचारलं. मला भूक लागली की राग येतो आणि तो मी लपवत नाही.

“ती आता शैक्षणिक साहित्य झाली,” म्हणाले, आणि स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्यासमोर सरकवला. भाकरी त्यांनी स्वतः थापलेली होती. जरा जाड होती, पण माझ्या भाकरीपेक्षा बरी होती. पुढे इतकी वर्षं मी त्या माणसाशेजारी जेवले, आणि दर वर्षी निदान एक पोळी तरी आकाशात फाटली.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज नाशिकच्या कडेला आहे, जिथे द्राक्षबागा संपतात आणि फ्लॅटच्या जाहिराती सुरू होतात. मी तिथे गणित शिकवते. खैरनार सर मेकॅनिकलला होते. मूळचे सटाण्याकडचे. एरवी बोलणं शहरी, पण फार आनंद झाला किंवा फार चिडले की आतली बागलाणी बोली बाहेर यायची. वर्गातून “हाई काय शे?”, म्हणजे हे काय आहे, असा आवाज आला की कॉरिडॉरमधून जाणारी पोरं भिंतीला धरून पुढे सरकायची. नेहमीचे विषय ते शिकवायचेच, पण त्यांचा जीव अडकला होता एका ऐच्छिक विषयात. विमानविद्या आणि अवकाशप्रवासाचे टप्पे. पोरं तो विषय घ्यायची कारण वरच्या वर्गातली सांगायची, गोष्टी ऐकायच्या, मार्क पडतात. पहिल्या तासाला सगळे आरामात बसायला येत आणि बाकंच सापडत नसत, कारण सरांचा तास कॉरिडॉरमध्ये, उभ्यानं असे.

त्या कॉरिडॉरमध्ये जुन्या मोझॅइकच्या फरश्या आहेत, फूट बाय फूट. एक फरशी म्हणजे एक वर्ष, असा सरांचा हिशोब. जिन्याच्या तोंडाशी पहिली फरशी, जिथे दोन भावांनी पहिल्यांदा इंजिनाचं विमान उडवलं. तिथून पुढे भिंतीकडच्या एका रांगेत ऑइलपेंटनं काढलेली छोटी छोटी चित्रं. समुद्र ओलांडणारं विमान, जेट, पहिला उपग्रह, पहिली कुत्री, पहिला माणूस, पहिली बाई. चंद्रावर पाऊल पडलं ते बरोबर पाण्याच्या कूलरसमोर. त्यामुळे आमच्याकडे अजूनही पोरं “चंद्रावर जाऊन येतो” म्हणतात आणि बाटली भरून आणतात. ही चित्रं काढायची परवानगी कोणी दिली होती, मला माहीत नाही. बहुतेक कोणी दिलीच नव्हती.

गंमत अशी की त्या रांगेत पडलेली विमानंही होती. उडालेल्याचं चित्र जेवढं, पडलेल्याचं तेवढंच. आणि पहिल्या फरशीच्या आधी जिना. “ह्या पायऱ्या कोणाच्या?” सर विचारायचे. मग स्वतःच सांगायचे, “पडलेल्यांच्या. पंख बांधून टेकडीवरून उड्या मारल्या, हाडं मोडली, काही मेले. पण पंख कसा धरला आणि का पडलो, ते मागच्याला सांगून गेले. पायऱ्या सोडून वर याल कसे रे?”

दुसरा त्यांचा नियम नावांचा. तासाला कोणाचंही नाव घ्यायचं नाही. “नावं पेपरात लिहा. नाव घेतलं की तो माणूस मोठा होतो आणि तुम्ही लहान होता. सायकलवाले भाऊ म्हणा. सायकली दुरुस्त करायचे ते. म्हणजे उद्या गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडे बघताना जरा नीट बघाल.” पोरं पेपरात नावं लिहायची आणि चुकवायची. सर त्याचे मार्क कापायचे नाहीत. का उडालं आणि का पडलं, हे चुकलं की मात्र पेपर लाल करून टाकायचे.

चिडायला त्यांना एक बैलगाडी पुरायची. आपल्या देशाचा एक उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला फोटो आहे, सगळ्यांनी पाहिलेला. एका गॅदरिंगला संस्थेचे एक पदाधिकारी भाषणाला उभे राहिले, मागे पडद्यावर तो फोटो, आणि म्हणाले, “बघा, तेव्हा आपण किती गरीब होतो. ट्रकसुद्धा नव्हता.” शेवटच्या रांगेतून खैरनार सर उठले. मी त्यांचा शर्ट मागून ओढला, तो नुसताच माझ्या हातात ताणला गेला.

“साहेब, माफ करा. ट्रक होता. अँटेनाची चाचणी घ्यायची होती, आणि लोखंड जवळ असलं की ती चाचणी बिघडते. म्हणून लाकडाची गाडी शोधली. ती गरिबी नव्हती साहेब, ती अक्कल होती.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्याही मारल्या. साहेबांचं तोंड कडू कारलं खाल्ल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. आमचे प्राचार्य वाईट माणूस नव्हेत, पण वरून दाब आला की ते खाली देतात. “खैरनार, जरा जपून. तुमच्या विषयाबद्दल आधीच विचारणा चालू आहे. इतिहास शिकून नोकऱ्या किती लागल्या, म्हणतात. मला काहीतरी दाखवायला द्या.” सर बाहेर येऊन मला म्हणाले, “बाई, दाखवायला काय देऊ? टाय लावू का?” हसत होते, पण त्या दिवसापासून त्यांना विषय जाण्याची धास्ती लागली, हे मला दिसत होतं.

त्यांचा पहिला तास मी एकदा मुद्दाम पाहिला आहे. कॉलेजमागच्या मैदानावर त्यांनी रबरबँडवर चालणारं एक लहान विमान धावत सोडलं आणि विचारलं, “उडालं म्हणजे नेमकं काय झालं? उडी मारली आणि उडालं, ह्यात फरक काय?” पोरं वर बघत होती. सर म्हणाले, “वर काय बघता? खाली बघा. जमिनीवर असेपर्यंत सावली चाकांना चिकटलेली असते. उडालं की सावली सुटते. सुटली आणि सुटलेलीच राहिली तर उडालं. पुन्हा चिकटली तर ती उडी.” मग पुन्हा विमान सोडलं, आणि एवढा मोठा माणूस कमरेत वाकून, गवताला नाक लावल्यासारखा, सावलीबरोबर पळत सुटला. चाकं आणि सावली यांच्यात उजेड दिसला तसे ओरडले, “सुटनी! सुटनी!” सटाण्याकडे सुटलीला सुटनी म्हणतात. वर्षातून एकदा पूर्ण मैदानाला ती बागलाणी ऐकू जायची.

एका बाबतीत मात्र मी त्यांना पकडलं होतं. त्यांच्या जुन्या स्कूटरला पुढे कायम लिंबू-मिरची बांधलेली असायची, दर खंडेनवमीला नवी. “सर, विज्ञान शिकवता आणि हे काय?” मी चिडवायची. त्यांची पत्नी यशोदाताई जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते म्हणायचे, “ते माझं खातं नाही, बाई. तिचं आहे. ती स्कूटर धुवून लिंबू बांधायची. ती गेली, स्कूटर राहिली. आता मी बांधतो. स्कूटरला सवय झालीय.”

मग त्यांच्या विषयाला वैशाली आली. सायखेड्याची, गोदावरीकाठच्या शेतकऱ्याची मुलगी. मोठ्यानं बोलणारी, मोठ्यानं हसणारी, आणि गणितात इतकी पक्की की तिचा पेपर तपासताना मी चहा घेऊन निवांत बसायची. ज्या वर्षी आपलं यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, त्याच वर्षीची गोष्ट. सरांनी त्या वर्षाच्या फरशीवर ते यान रंगवलं. चित्रांची रांग आता थेट प्राचार्यांच्या केबिनच्या दाराशी पोचली होती. सर पोरांना मागे घेऊन गेले, चार फरश्या मागे, जिथे आधीचं यान उतरताना कोसळलं होतं. “हे कोसळलं. ते उतरलं. पेपरात दोन्ही फोटो आले. मधल्या ह्या फरश्यांवर काय चाललं होतं ते कोणी छापत नाही. तुमची नोकरी ह्या मधल्या फरश्यांवर आहे, लक्षात ठेवा.”

तेवढ्यात वैशाली जिन्याकडे धावत गेली आणि फरश्या मोजत परत आली. “सर, त्या भावांचं पहिलं उड्डाण एकशेवीस फूट होतं ना?”

“हो.”

“म्हणजे ते जिन्यापाशी उडाले असते तर बरोबर ह्या फरशीवर उतरले असते! तिथून इथपर्यंत सगळा इतिहास आला, आणि लांबी तेवढीच! लय भारी, सर!”

सर तिच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, “ही फरशी येण्याची आणि कोणीतरी हे मोजण्याची मी वाट बघत होतो.” त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी पोळी मागितली नाही, उलट सगळ्यांना पेढे दिले.

तिच्या जोरावरच सरांनी प्राचार्यांना गळ घातली. विद्यार्थ्यांनी बनवलेल्या विमानांची स्पर्धा चेन्नईला व्हायची होती. वैशाली कॅप्टन. प्राचार्य म्हणाले, “विमान आधी इथे माझ्यासमोर उडवून दाखवा, मग पाठवतो. आणि खैरनार, हे जमलं तर तुमच्या विषयाबद्दल मला वर बोलता येईल.” वैशालीनं घरी सांगून ठेवलं होतं, एवढं विमान उडू दे, मग पुढे विमानाचंच शिकणार. सर आणि वैशाली, दोघांचंही त्या विमानात सगळं बसलेलं होतं.

हलक्या लाकडाचं आणि थर्माकोलचं ते विमान. वर्कशॉपमधल्या शकीलभाईंनी सांगाडा कापून दिला. खंडेनवमीला वर्कशॉपची पूजा झाली, लेथ मशीनला झेंडूचा हार, ड्रिलला हार, विमानालाही हळदकुंकू आणि हार. सर म्हणाले, “उद्या हार काढा बरं का, नाहीतर झेंडू उडेल आणि विमान इथेच राहील.” संध्याकाळी वैशालीनं हार तेवढ्यापुरता उतरवून विमान पंखांखाली दोन बोटांवर तोलून धरलं. सरळ राहिलं, ना नाक खाली, ना शेपटी खाली. विमानाचं सगळं ह्या तोलावर असतं, हे माझ्यासारख्या गणितवालीलाही कळतं. शेपटी जड झाली की नाक वर होतं, नाक फार वर झालं की पंख हवा धरत नाहीत, आणि मग विमान दगडासारखं खाली येतं.

दसऱ्याला सकाळी गिरणाऱ्याच्या बाजूला एका माळावर आम्ही जमलो. प्राचार्य नवा शर्ट घालून आले होते. सर त्या दिवशी गप्प गप्प होते. वैशालीनं विचारलं, “सर, एकदा पुन्हा तोलू का?” सर म्हणाले, “काल तोललंय ना. ऊन चढतंय, वारा सुटेल. चल, होऊन जाऊ दे.”

विमान धावलं. सर वाकले. “सुटनी!” ओरडले. आम्ही टाळ्या वाजवायला हात उचलले आणि तेवढ्यात विमानानं नाक वर केलं, आणखी वर केलं, क्षणभर हवेत उभं राहिलं आणि पंखावर कोसळलं. आवाज फार मोठा नाही झाला, पुठ्ठ्याचं खोकं तुडवल्यासारखा. वैशाली जागच्या जागी उभी होती. तिचे हात अजून रिमोटवर होते.

“तोल चुकला,” बरोबर आलेले एक प्राध्यापक म्हणाले. “कॅप्टनचं गणित चुकलं, दुसरं काय.” प्राचार्य म्हणाले, “आठवड्यात कारण सांगा. कारण कळल्याशिवाय दुसरं विमान नाही आणि चेन्नईही नाही.” शकीलभाई तुकडे गोणीत भरत होते. शेपटीचा तुकडा नाकाशी नेऊन म्हणाले, “मॅडम, ह्याला लिंबाचा वास येतोय. कोणाचा डबा सांडला काय?” मी म्हटलं, “शकीलभाई, इथे काय चाललंय आणि तुम्हाला डबे सुचतायत?” विषय तिथेच संपला.

वैशालीचे पुढचे दिवस वाईट गेले. ती सगळी गणितं घेऊन माझ्याकडे आली. मी तपासली, पुन्हा तपासली. बिनचूक. मी तसं सांगितल्यावर तिचा चेहरा आणखीनच पडला. “मॅडम, चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं. चूक नाही आणि तरी पडलं, म्हणजे मला ह्यातलं काही कळतच नाही. मी आपली कोडिंगचा क्लास लावते.” तिचे वडील तिला न्यायला मोटरसायकलवर आले होते. गेटवर मला म्हणाले, “मॅडम, पोरगी धड जेवत नाय. विमान गेलं तर गेलं वो, पर हिचं हसणं गेलं. काय चुकलं तेवढं सांगा कोणीतरी.” मला काहीच सांगता येईना, आणि मला असं काही सांगता येत नसलं की फार राग येतो.

त्याच रागात मी स्टाफरूममध्ये बसले होते. सरही पोळी मागत नव्हते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “सगळं मेलं विचित्रच. शकीलभाई तर म्हणत होते, विमानाच्या शेपटीला लिंबाचा वास येतोय.”

सरांचा घास हातातच राहिला. त्यांनी डबा तसाच उघडा ठेवला आणि उठून गेले. संध्याकाळी मी पार्किंगमध्ये त्यांची स्कूटर पाहिली. पुढे दोऱ्यात नुसत्या मिरच्या लोंबत होत्या. लिंबू नव्हतं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बैठक बोलावली होती, विभागप्रमुख, मी, वैशाली आणि तिचा गट. सर केबिनमध्ये आलेच नाहीत. दारात उभे राहून म्हणाले, “सगळे जरा बाहेर या. मला जे बोलायचंय ते आतलं नाही.” आम्ही बाहेर आलो. सर यानाच्या फरशीपाशी उभे होते. हातात प्रयोगशाळेतला छोटा वजनकाटा आणि एक लिंबू. काटा त्यांनी खाली ठेवला, लिंबू त्यावर ठेवलं.

“एवढ्याच आकाराचं लिंबू मी दसऱ्याला पहाटे विमानाच्या शेपटीत बांधलं. वर्कशॉपची किल्ली माझ्याकडे असते. नाकात बॅटरी होती, जागा नव्हती, आणि पोरांना दिसलं असतं तर माझी मलाच लाज वाटली असती. म्हणून शेपटीचं झाकण उघडून आत बांधलं. वैशाली पुन्हा तोलू का म्हणाली, तेव्हा मीच नको म्हटलं. तिची चूक नाही. कोणाचीच नाही, माझी आहे.”

एका विभागप्रमुखांना हसू आवरेना, ते खोकल्यासारखं करून भिंतीकडे वळले. प्राचार्य म्हणाले, “अहो खैरनार, तुम्ही? तुम्ही तोल शिकवता!”

“शिकवतो. बॅटरीचं वजन धरलं, तारांचं धरलं, डिंकाचंसुद्धा धरलं. लिंबू आमच्या मंडळींच्या खात्यात होतं, सर. त्यालाही वजन असतं, हे डोक्यातच आलं नाही.”

वैशाली काट्याजवळ उकिडवी बसली. लिंबाचं वजन पाहिलं, वहीचं पान फाडलं आणि गुडघ्यावर ठेवून गणित करायला लागली. शेपटी लांब, त्या टोकाला लिंबू, म्हणजे तराजूच्या लांब दांडीच्या टोकाला वजन. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. उत्तर येण्याआधीच मला दिसत होतं की ते जुळणार. तिनं पेन थांबवलं. “बरोबर येतंय,” ती म्हणाली. “एवढ्यानं नाक वर जाणारच. माझं बरोबर होतं. मॅडम, माझं बरोबर होतं!” आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू तिला तिथे, सगळ्यांसमोर फुटलं. सरांच्या डोळ्यांतही पाणी होतं. माझंही विचारू नका.

बाकीचे गेल्यावर प्राचार्य हळू आवाजात म्हणाले, “हे वर गेलं की काय होईल, कळतंय ना तुम्हाला? विषय जाईल. कारण सापडलं एवढंच सांगू आपण, लिंबू कशाला सांगायचं?”

“विषय जाईल, माहितीय,” सर म्हणाले. “पण विषय होता काय, सर? का पडलं ते मागच्याला सांगून जायचं. एवढाच होता. आज मी लपवलं तर तो इथेच बंद झाला. मग तुम्ही चालू ठेवला काय नि नाही ठेवला काय.”

त्यांची आवाज चढवायची सवय होती, पण हे ते अगदी साध्या आवाजात बोलले. मी आयुष्यात खूप हुशार माणसं पाहिली. असा माणूस एकच पाहिला, आणि तो माझ्याशेजारी बसून माझ्या पोळ्या फाडायचा, याचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला.

व्हायचं तेच झालं. संस्थेत आठवडाभर हशा पिकला, विमानाचा प्राध्यापक आणि लिंबू म्हणून. पुढच्या वर्षी ऐच्छिक विषयांत सरांचा विषय नव्हता. पण संघाला दुसरं विमान मिळालं आणि चेन्नईचं तिकीटही. सरांनी त्या वर्षाच्या फरशीवर, यानाच्या शेजारी, पिवळ्या रंगानं एक लिंबू काढलं, यानाएवढंच. सायकलवाले भाऊ जिथे उतरले असते, ती फरशी. केबिनचं दारच समोर. प्राचार्य आजही आत जाताना त्या लिंबावर पाय देत नाहीत, जरा बाजूनं जातात. मी रोज बघते.

दुसरं विमान तयार झालं तेव्हा वैशाली सरांकडे आली. “सर, लिंबू द्या.”

“चेष्टा करतेस?”

“नाय सर. काकूंचं हाय ना ते? मग राहू दे की. ह्या खेपेला नाकाखाली बांधू. मी बॅटरी तेवढी मागं सरकवते आणि वजनात धरते.” आणि तिनं उड्डाणाआधीच्या तपासणीत लिहिलं, लिंबू, नाकाखाली, वजन करून. चेन्नईला त्यांचा नंबर आला नाही. विमान मात्र उडालं, फिरलं आणि चाकांवर उतरलं. व्हिडिओत आवाज फाटतो तिथे पोरं ओरडतायत, “सुटनी!” सायखेड्याची, घोटीची, नाशकातली पोरं, एकालाही बागलाणी येत नाही.

सर त्यानंतर वर्षभरात निवृत्त झाले. विषय नसला तरी मधल्या सुट्टीत ते पोरांना फरश्यांवरून चालवायचे, शेवटच्या दिवसापर्यंत. मग काचबिंदूनं त्यांचे डोळे खाल्ले. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही. स्कूटर त्यांनी शकीलभाईंना दिली. शकीलभाई तिला दर खंडेनवमीला लिंबू बांधतात. मी विचारलं तर म्हणाले, “स्कूटरला सवय आहे, मॅडम.”

ह्या दसऱ्याला कॉलेजच्या नव्या पोरांचं विमान होतं. तोच माळ. वैशाली सुट्टीवर आली होती. ती आता बंगळुरूला असते, रॉकेटच्या टाक्यांच्या कामात. हसणं पहिल्यासारखंच मोठ्ठं. तीच सरांना रिक्षातून घेऊन आली. एका नव्या मुलीनं काट्यावर लिंबू ठेवलं, वजन लिहून घेतलं आणि नाकाखाली बांधलं. सरांनी विचारलं, “हे कशासाठी गं?” ती म्हणाली, “माहीत नाही सर, आमच्याकडे असंच असतं. पण वजन केल्याशिवाय बांधायचं नाही, असा नियम आहे.” सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. तिनं विमान बोटांवर तोललं. मग सर म्हणाले, “पुन्हा तोल, बाळ. ऊन चढू दे.” तिनं पुन्हा तोललं.

विमान धावायला लागलं आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या. सरांची खाली. सवयीनं ते वाकले, पण दिसत काहीच नव्हतं. त्यांनी चाचपडून माझं मनगट धरलं. “बाई, मला नुसता उजेड दिसतो. सावली सांगा.”

मी विमानाकडे बघितलंच नाही. गवतावरून काळी सावली चाकांना चिकटून पळत होती. पळत होती, पळत होती, आणि मग मधे उजेडाची एक चीर पडली. मी नाशकात वाढलेली गणिताची बाई, पण माझ्या तोंडून दुसरा शब्दच आला नाही.

“सुटनी, सर. सुटनी!”

त्यांनी माझा हात सोडला नाही. उलट घट्ट धरला. “आता नाक बघा,” म्हणाले. “नाक सरळ शे का?”

मी वर बघितलं. विमान वळलं, आमच्याकडे आलं, डोक्यावरून गेलं. नाकाखाली पिवळा ठिपका दिसत होता.

“सरळ शे, सर,” मी म्हटलं. “एकदम सरळ शे.”

मग त्यांनी हात सोडला.